चौऱ्याऐंशी ज्येष्ठ नागरिक

शेऱ्याचा रकाना कुणी वाचत नाही. बागेतल्या मोजणीचा तो फॉर्म त्यानंच बनवला होता, चार वर्षांपूर्वी, आणि उजव्या बाजूला बोटभर जागा उरली म्हणून तिथं ‘शेरा’ असं टाकून दिलं होतं. घरात कोपरा रिकामा दिसला की आपण स्टूल नेऊन ठेवतो, तसं. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला टेबलावर चहा सांडला. मोजणीचे कागद भिजले म्हणून ते एकेक सुटे करून टेबलावर, खुर्चीवर, खिडकीच्या कट्ट्यावर वाळत घालावे लागले, आणि वाळत घालताना डोळ्यांना दुसरं काही काम नसतं म्हणून तो शेरे वाचायला लागला. फेरी तेरावी, दुपारी एक. ज्येष्ठ, पुरुष, बसलेला : एक. शेरा : ‘तेच काका. जेवायच्या आधी घड्याळ काढून बाकावर ठेवतात. डबा निळा, झाकणाला बुटाची नाडी.’ अक्षर सुवाच्य होतं, शाळेतल्या फळ्यावर असतं तसं. त्यानं तो कागद पंख्याखाली धरला. मग पुन्हा वाचला. डब्याची खिटी तुटून तीन महिने झाले होते. ‘बदलून आणतो’ असं तोच म्हणाला होता, दोनदा. नाडी त्याच्याच जुन्या बुटाची होती.

काही झालं नाही. अशा वेळी पोटात खड्डा पडतो म्हणतात, हातपाय गार पडतात म्हणतात. त्याचे हात व्यवस्थित कोमट होते, चहाला चिकट होते. त्यानं ते पुसले आणि पुढचा कागद उचलला. फेरी चौदावी, सव्वा एक, ज्येष्ठ, पुरुष, बसलेला, एक. पंधरावी, दीड, एक. दर पंधरा मिनिटांनी बागेत एक चक्कर मारायची, जो दिसेल त्याची रेघ ओढायची, अशी पद्धत. पोरं किती, बाया किती, म्हातारे किती, चालतायत की बसलीयेत की नुसती उभी आहेत. दहा ते पाच म्हणजे अठ्ठावीस फेऱ्या. तीन दिवस म्हणजे चौऱ्याऐंशी. आणि त्याच्या अहवालात पान सातवर ठसठशीत छापलं होतं : ज्येष्ठ नागरिकांचा वापर, चौऱ्याऐंशी. एका माणसाला तीन दिवस एका बाकावर बसवलं की चौऱ्याऐंशी म्हातारे होतात. तो माणूस त्याचा बाप होता.

फोन लावला तर मोजणीवाल्या बाईंनी पहिल्याच रिंगला उचलला. रोजंदारीवर घेतलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. कामाला चोख, तोंडाला त्याहून चोख.

“बाई, ते काका. डब्यावाले.”

“कोण, नाडीवाले? अहो ते म्हणजे त्या बागेचं घड्याळच. दहाला हजर, पाचला उठणार. मी तर माझं घड्याळ त्यांच्यावर लावायची.”

“त्यांना प्रत्येक फेरीत मोजलंत?”

“मग? तुम्हीच म्हणालात ना, दिसला की रेघ, डोकं चालवायचं नाही. बत्तीस वर्षं पोरांची हजेरी घेतली मी, साहेब. एकाच पोराची दिवसातून अठ्ठावीस वेळा हजेरी घ्यायची मला काय हौस? पण म्हटलं, असेल बाई सरकारी गणित, आपल्याला काय कळतंय त्यातलं. शेऱ्यात लिहिलंय मी. तिन्ही दिवस लिहिलंय.”

“हो. वाचलं.”

“वाचलंत? वा. म्हणजे कुणीतरी वाचतं.”

“त्यांच्याशी बोललात कधी?”

“एकदा. म्हटलं, काका, कुणाची वाट बघताय का? तर म्हणाले, हो, पाच वाजायची.” बाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, “डबा दोनदा खातात हो ते. एकला थोडा, चारला थोडा. का, कुणास ठाऊक.”

त्याला ठाऊक होतं. बायको डब्यात जास्तीचं घालायची. ‘बाबा, मित्रांना पण द्या हं.’ बाबा रोज वाचनालयात जातात असं घरात सगळ्यांना माहीत होतं, सगळ्यांना म्हणजे त्या दोघांना. तिथं चौघं जमतात. एक पोस्टमन होते, त्यांना आता पायाचं दुखणं आहे. एकाला ऐकू येत नाही म्हणून पेपर मोठ्यानं वाचावा लागतो आणि वाचनालयवाले ओरडतात. तिसरे भयंकर कंजूष. बाबा संध्याकाळी आले की त्यांच्या गमती सांगायचे, मोजून दोन, आणि बायको मनापासून हसायची. हे सगळं बाबांनी त्या बाकावर बसून रचलं असणार, सकाळच्या सत्रात वगैरे. आयुष्यभर बसच्या डेपोत टाइमकीपर होते. गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, तीस वर्षं हेच. घरी जेवायला बसले की मात्र घड्याळ काढून पाटाशेजारी पालथं ठेवायचे. आई म्हणायची, अहो, कुणी चोरत नाही, राहू दे हातात. तर म्हणायचे, जेवताना तरी कुणाची नोंद नको. लहानपणी त्याला ते घड्याळ तसं पडलेलं बघून बरं वाटायचं. म्हणजे आता पंधरा-वीस मिनिटं बाबा कुठं जात नाहीत.

बाहेर पडा असं त्यांना कुणी सांगितलं, याचा विचार करायची गरज नव्हती. बायकोनं नव्हतं सांगितलं. ती बिचारी हॉलमधल्या टेबलावर कानाला यंत्र लावून दिवसभर कुणाकुणाशी बोलायची, तेच तिचं काम. बाबा खोकले की हातानं यंत्राचं तोंड दाबायची, एवढंच. घर तीन खोल्यांचं. आई गेल्यावर भाड्याची खोली सोडून बाबा आले, तेव्हा त्यांची कॉट गॅलरीत बसली, बरोब्बर बसली, त्यानंच टेपनं मोजून बसवली होती. पंधरा दिवसांनी एका रविवारी नखं कापता कापता तो म्हणाला होता, “बाबा, दिवसा थोडं बाहेर पडत जा ना. घरात बसून माणूस गंजतो. मोकळ्या हवेत चार माणसं भेटतात.” हे वाक्य त्याचं ठरलेलं होतं. वस्तीवस्तीतल्या सभांत तो हेच बोलायचा, दर माणशी किती चौरस मीटर मोकळी जागा पाहिजे वगैरेच्या आधी, सुरुवात म्हणून. लोक माना डोलवायचे. बाबांनीही डोलवली. दुसऱ्या दिवशी दहाला बूट घातले. घराजवळ दोन बागा होत्या. त्या सोडून, दोन बस बदलून, जिथं ओळखीचं चिटपाखरू भेटणार नाही अशा भागातली बाग त्यांनी शोधली. एवढ्या मोठ्या शहरात. आणि त्याच्याच उद्यान खात्यानं नेमकी तीच सुधारणेला काढली.

मोठ्या साहेबांना तो आकडा फार आवडला होता. “चौऱ्याऐंशी! अहो सोनं आहे हे सोनं,” ते कालच म्हणाले होते, पान सात बोटानं वाजवत. त्या बागेतल्या बाकांच्या कोपऱ्यावरून वाद होता. रहिवाशांना तिथं बॅडमिंटनचं कोर्ट पाहिजे होतं, सह्यांचा कागद आला होता. साहेबांना पाहिजे होता ज्येष्ठांचा कोपरा, कारण ज्येष्ठ म्हटलं की वरचे नाही म्हणत नाहीत. आज दुपारी चारला बागेतच सभा होती, आणि तिथं काय ते ठरणार होतं. “आकडा मोठ्यानं वाचा,” साहेब म्हणाले होते, “तुम्ही पुटपुटता. आकडा पुटपुटला की लोकांना वाटतं खोटा आहे.”

आता तो खराच खोटा होता. चार वर्षांत त्यानं चूक सापडली आणि झाकली असं कधी केलं नव्हतं. त्यासाठी काही धैर्य लागत नाही, चुकीचं पान काढायचं, बरोबरचं घालायचं. खाली छपाईची खोली होती, अर्ध्या तासाचं काम. पान सात : ज्येष्ठ, एक. मग कोर्ट. बाक उचलले जाणार, आणि बाबा उद्या-परवा कधीतरी दहाला जाऊन कामाभोवती ठोकलेल्या पत्र्यांसमोर उभे राहणार. नाही बदललं तर कोपरा होणार, छत होणार, हात टेकायला दांडे असलेले बाक येणार. बाबा बसतील, पाच वाजेपर्यंत. तो खिडकीशी उभा राहिला. कागद वाळून कुरकुरीत झाले होते, चहाच्या कडा नकाशातल्या तळ्यांसारख्या उमटल्या होत्या. त्यानं ते गोळा केले, फाइलीत घातले, फाइल कपाटात. पान तेच ठेवलं. आपण काहीतरी ठरवलं असं त्याला वाटलं नाही. पाय अवघडला म्हणून माणूस कूस बदलतो, तेवढंच. घरी या बाबा, असं म्हणता येईल, हा विचार तेव्हा आला नाही. तो आला बागेकडं जाताना, बसमध्ये, आणि आला तसा दोन स्टॉपनी उतरून गेला, कारण घरी कुठं, हा प्रश्न लगेच मागं उभा होता.

बाग म्हणजे दोन इमारतींच्या पाठींमध्ये सापडलेली जागा. एक घसरगुंडी, तिचा शेवट जमिनीपासून जरा उंचच. चारपाच झाडं. नळ. कोपऱ्यात तीन बाक, आणि मधल्या बाकावर बाबा. त्यानं फाटकातून पाहिलं. बाबांचा खांदा डावीकडं जरा उतरलेला, हे त्याला माहीत नव्हतं. घरात आपण माणसाला समोरून बघतो किंवा बघतच नाही. बाबांनी घड्याळ हातात बांधलं, डबा पिशवीत घातला, पिशवी मांडीवर घेतली, आणि मग सभेसाठी जमलेल्या गर्दीकडं बघितलं. वीसपंचवीस माणसं होती. पोरांच्या आया, शाळेची दप्तरं त्यांच्याच खांद्यांवर. एक ट्रॅकसूटवाले गृहस्थ सह्यांचा कागद घेऊन. मोजणीवाल्या बाई, बोलावलं नसताना. मोठे साहेब गाडीतून उतरले आणि सरळ बाकांच्या दिशेनं निघाले, कारण सावली तिथंच होती, आणि सगळी गर्दी त्यांच्यामागं गेली. बाबांची नजर त्याच्यावर आली, थांबली नाही, पुढं गेली. एखादी न थांबणारी गाडी जाते तशी. बाबा उठायला लागले.

“बसा बसा आजोबा,” साहेब म्हणाले. “तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं.”

बाबा बसले. त्यानं नकाशा दुसऱ्या बाकावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि बोलायला सुरुवात केली. घरात बसून माणूस गंजतो. आपला आवाज त्याला लांबून, शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा येत होता. मोकळ्या हवेत चार माणसं भेटतात. माना डोलल्या. मग त्यानं आकडा वाचला, मोठ्यानं, सांगितलं होतं तसा.

“चौऱ्याऐंशी?” ट्रॅकसूटवाले हसले. “साहेब, आख्ख्या गल्लीत चौऱ्याऐंशी म्हातारे नाहीत. आहेत ते माझ्या बापासकट टीव्हीसमोर असतात.”

“आमच्या सासूबाई तर जिना उतरत नाहीत,” एक चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. “आम्ही का नको म्हणू? पण पोरं रस्त्यावर खेळतात. परवा एकाचा हात मोडला, माझ्या बहिणीच्या मुलाचा. कुणी बसतच नाही तिथं कशाला छप्पर?”

“शास्त्रीय मोजणी आहे,” मोठे साहेब म्हणाले.

“मग दाखवा ना माणसं!”

मोजणीवाल्या बाई जमिनीकडं बघत होत्या. बोलणं चढत चाललं होतं, दोघातिघांचं एकदम. अशा वेळी काय करायचं हे त्याला पाठ होतं. हात वर करायचे, एकेक बोला म्हणायचं, पान सात उघडून दाखवायचं. छापलेलं दिसलं की आवाज खाली येतात. त्यानं पान उघडलंही. तेवढ्यात बाबा म्हणाले, “चौऱ्याऐंशी नाही हो. मीच एकटा असतो.”

सगळे वळले. बाबांनी पिशवी सावरली. चूक दुरुस्त करताना ते असेच बोलायचे, डेपोतही, रागबिग काही नाही, वहीत लाल शाईनं लिहितात तसं. “दहा ते पाच मी असतो. दुसरं कुणी या बाकांवर बसत नाही. या बाई दर पंधरा मिनिटांनी यायच्या आणि माझी एक रेघ मारायच्या. त्यांनी फेऱ्या मोजल्या, माणसं नाहीत. साहेबांची चूक नाही यात. होतं असं.” साहेब म्हणजे तो. बाबा त्याच्याकडं बघून म्हणाले होते, आणि नजर सौम्य होती, परक्या माणसाला सांभाळून घेताना असते तशी.

“बघा!” ट्रॅकसूटवाले.

“आणि मी इथला नाही,” बाबा म्हणाले. “माझ्यासाठी काही करू नका. पोरांना कोर्ट द्या.”

“इथले नाही म्हणजे? मग कुठले?” चष्मेवाल्या बाईंना उगीचच वाईट वाटल्यासारखं झालं. त्या त्याच्याकडं वळल्या. “तुम्ही ओळखता का हो यांना?”

“नाही,” तो म्हणाला. बाबाही त्याच क्षणी “नाही” म्हणाले. दोन्ही ‘नाही’ एकावर एक पडले, एकाच पट्टीतले, एकाच कोरड्या घशातले. मोजणीवाल्या बाईंनी मान वर करून आधी एकाकडं पाहिलं, मग दुसऱ्याकडं. वर्गात दोन भावंडं असली की मास्तरीणबाईंना कळतंच.

पुढचं सगळं पटापट झालं. खरं बाहेर आलं की कामं भराभर होतात. मोठे साहेब मुरलेले होते, त्यांनी दोन मिनिटांत आपणच कोर्टाच्या बाजूचे होतो असा सूर धरला, टाळ्याही पडल्या. त्यानं नकाशावर तीन बाकांवर पेन्सिलीनं फुल्या मारल्या आणि लांबी-रुंदी टाकली. कोर्ट बरोब्बर बसत होतं. पाच वाजले तेव्हा बाबा उठले, पिशवी खांद्याला लावली, गर्दीतून ‘जरा जाऊ द्या’ म्हणत वाट काढली आणि फाटकाबाहेर डावीकडं वळले. त्याच्या शर्टाला त्यांची पिशवी घासून गेली. साहेबांनी त्याला गाडीत घेतलं आणि वाटेत फक्त एवढंच म्हणाले, “तो म्हातारा नसता तर निभावलं असतं हो. कुठून उपटतात देव जाणे.” तो हो म्हणाला. बाहेर दुकानांच्या पाट्या सरकत होत्या, त्या तो एकेक वाचत होता.

तो घरी पोचला आणि थोड्या वेळानं बाबा आले, रोजच्या वेळेला. दोन बस त्यांनाही बदलायच्या होत्याच. बायकोनं विचारलं, “काय म्हणते तुमची मंडळी?” बाबा मोजे काढत होते. “बरी आहेत. पोस्टमननं आज पैज लावली, पाय असा असूनही तुमच्यापेक्षा आधी जिना उतरतो म्हणाला.” “मग?” “मग काय, उतरला. कंजूष म्हणाला, पैजेचं मी साक्षीदार म्हणून अर्धं घेणार.” बायको हसली. त्यानं बाबांना पाणी दिलं, बाबांनी पेला घेताना त्याच्याकडं बघितलं, म्हणाले, “तुझं काय? आज सभा होती ना?”

“होती.”

“झाली नीट?”

“झाली.”

“बरं झालं,” बाबा म्हणाले आणि पाणी प्यायले. घोटांचा आवाज येत होता. तो ऐकत उभा राहिला. आता काहीतरी येईल असं त्याला वाटत होतं, रडू, राग, निदान खोकला. ताटं वाढली गेली. बाबांनी घड्याळ काढून पालथं ठेवलं. तो जेवला. भूक चांगली लागली होती, हेच त्यातल्या त्यात नवल.

सकाळी त्यानं उशिरा येतो म्हणून ऑफिसला कळवलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. पावणेदहाला बाबांची अंघोळ, कपडे, डबा, सगळं रोजच्यासारखं. दाराशी बसून त्यांनी एक बूट घातला. तो शेजारी भिंतीला टेकून उभा होता, काही बोलायचं आहे अशा माणसासारखा. बाबा खाली वाकलेलेच म्हणाले, “काम कधी निघेल ते?”

“महिन्याभरात.”

“म्हणजे पंधरा दिवसांत पत्रे लागतील.”

“हो.”

नाडी बांधून झाली. बाबांनी दुसरा बूट ओढला, पण घातला नाही, आतली धूळ बोटानं काढत राहिले. “तुमच्या यादीत अशी एखादी बाग आहे का रे,” ते म्हणाले, “जिचं इतक्यात काही निघणार नाही?”

यादी त्याला तोंडपाठ होती. शहरातल्या सगळ्या बागा, कुठली कोणत्या साली. कुणी प्रश्न विचारला की त्याचं डोकं उत्तर काढून समोर ठेवतं, त्याला विचारत नाही. “पाण्याच्या टाकीमागची,” तो म्हणाला. “पाच वर्षं तरी तिचं नाव नाही.”

“बस?”

“एक बदलावी लागते. टाकीच्या आधीच्या चौकात.”

“बाक आहेत?”

“तीन. दोन मोडलेत.”

“एक पुरे झाला. सावली?”

त्यानं डोळे मिटले. झाड पूर्वेला, दक्षिणेला चार मजली इमारत. “तीनपर्यंत आहे. मग ऊन येतं.”

“तीन,” बाबा म्हणाले, आणि पुढच्या दोन तासांचा हिशेब चेहऱ्यावर दिसला, मग गेला. “बघू. काहीतरी निघेल. अरे, तिकडं ते नवीन बाजाराचं...” त्यांचा आवाज थोडा चढला होता, उत्साहानं, डेपोतल्या माणसाला नवा मार्ग कळला की चढतो तसा.

आत बायकोचं ‘हॅलो, गुड मॉर्निंग’ सुरू झालं. त्याचं बोट आपोआप ओठांवर गेलं.

“हळू, बाबा. कॉल चालू झालाय.”

बाबांनी लगेच मान हलवली, चुकलंच असं. मग एक बूट पायात आणि एक हातात घेऊन ते अलगद उठले, बाहेर जिन्यात गेले आणि पायरीवर बसून तो घालायला लागले. त्यानं दार ओढून घेतलं, कुलपाच्या खटक्यावर बोट ठेवून, आवाज होऊ न देता.